वरचं बटण

पलंगाची डोक्याकडची बाजू मोटरने वर करायची आणि मोटरनेच खाली आणायची, काम एवढंच होतं. यात काय मोठंसं, असं कुणीही म्हटलं असतं. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांची झोप पुरती झालेली असते.

या घरात झोप ही चैनीची गोष्ट होऊन बसली होती. आईला अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेल्यातच जमा होती. आडवी असताना ती काही बोलायला गेली की जीभ मागे जायची, लाळ साठायची आणि नुसता घोगरा आवाज निघायचा. डोकं मात्र शाबूत होतं आणि डावा हात खणखणीत. तिला आडवं ठेवून काही भरवायचं नाही, घास श्वासनलिकेत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे चहाचा घोट असो की औषधाची गोळी, दर वेळी कुणीतरी तिच्या काखेत हात घालायचे, तिला ओढून बसती करायची, पाठीशी तीन उशा लावायच्या आणि दहा मिनिटांनी ती घसरली की पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं.

हे कुणीतरी म्हणजे दुपारी साडेतीनपर्यंत बाबा आणि त्यानंतर मुलगी. बाबांनी एक्केचाळीस वर्षं मोटरी भरल्या होत्या. जळलेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तिच्या जागी नवी गुंडाळायची, यात त्यांची हयात गेली होती. सत्तरी उलटली तरी चार ते आठ ते त्याच वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसत. गेलो नाही तर वेड लागेल, असं म्हणत, आणि त्यात खोटं काही नसावं. मुलगी कपडे धुण्याच्या यंत्रांचे बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायची. कारखान्यात तिला सगळे ‘बोर्डवाली’ म्हणत. सकाळी सातला पाळी सुरू, तीनला सुटका, आणि साडेतीनला घरी दुसरी पाळी. बेचाळीस वर्षांची बाई, पण जिना चढताना कठड्याला धरून चढायची.

गेल्या महिन्यात बाबांची पाठ गेली. आईला उचलता उचलता कमरेत कळ आली आणि ते तिथेच पलंगाची कड धरून अर्धा तास वाकलेले राहिले. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, आता वजन उचललंत तर घरात दोन पलंग लागतील.” डॉक्टरांनी हा विनोद केला होता. घरी आल्यावर कुणालाच हसू आलं नाही.

त्यानंतर शुश्रूषागृहाचा विषय निघाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बरं ठिकाण होतं, तिथे एक जागा रिकामी होणार होती. तिथल्या मुख्य बाईंनी शनिवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवा, असं सांगितलं होतं. बाबांनी पहिल्याच दिवशी मान हलवली. बायकोला असं कुठे नेऊन टाकणार नाही, म्हणाले. मुलगी त्यांच्याशी भांडली नाही. भांडायलाही अंगात त्राण लागतं. शेवटी तडजोड अशी ठरली की दोघांनी मिळून पलंगाला मोटर लावायची. शनिवारपर्यंत आई हाताने न उचलता उठून बसायला लागली तर ती घरी राहील. नाहीतर बाईंना हो कळवायचं.

आईच्या उशाशी उभं राहून हे ठरलं. आई छताकडे बघत होती.

बाबांनी भंगारातून एका मोडक्या गाडीच्या वायपरची मोटर आणली, ती उघडून साफ केली, तेल घातलं. तिला आट्यांचा एक लांब दांडा जोडला. दांडा एकीकडे फिरला की आईच्या पाठीखालची बिजागरीची फळी वर येणार, दुसरीकडे फिरला की खाली जाणार. फळी सरळ सपाट असो की पुरती उभी, लोखंड वजन कसं पेलेल ते त्यांनी हातानेच ओळखलं होतं. विजेचा भाग बोर्डवालीकडे. तिने नखाएवढा एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी चिप, घेतला आणि त्याच्या हुकमाखाली चार इलेक्ट्रॉनिक स्विच बसवले. अशा मोटरचं एक बरं असतं. वीज या टोकाने शिरली की ती इकडे फिरते, त्या टोकाने शिरली की तिकडे. चार स्विचपैकी समोरासमोरचे तिरके दोन चालू केले की फळी वर, उरलेले तिरके दोन चालू केले की खाली. चुकून एकाच बाजूचे दोन्ही चालू झाले तर मोटर राहते बाजूला आणि वीज सरळ खाली उतरून सगळं जाळून टाकते. म्हणून दिशा बदलताना मध्ये अर्धा सेकंद चारही बंद ठेवायचे, मोटरला श्वास घेऊ द्यायचा, आणि मग उलटं फिरवायचं. बोर्डवालीने प्रोग्राममध्ये तो अर्धा सेकंद न विसरता घातला. त्या घरात हक्काची विश्रांती मिळत होती ती फक्त मोटरला.

आईच्या डाव्या हातात राहील अशी एक छोटी डबी केली. तिच्यावर दोन बटणं, एक वर, एक खाली. दाबून धरलं तेवढा वेळच मोटर चालणार, सोडलं की बंद.

मंगळवारी बाबांनी दुकानाला दांडी मारली आणि संध्याकाळी सहाला जोडणी पूर्ण झाली. आईला खुर्चीत बसवून रिकाम्या पलंगावर पहिली चाचणी घेतली. फळी त्यांनी अर्धी वर आणून ठेवली होती. बोर्डवालीने वरचं बटण दाबलं. मोटर छान घरघरली आणि फळी ऐटीत खाली गेली.

“उलटी फिरतेय,” बाबा म्हणाले.

“दिसतंय मला,” ती म्हणाली.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नव्या जोडणीत असं निम्म्या वेळा होतं. दोन मिनिटांचं काम. पण त्या दिवशी दोघांच्याही अंगातली ती दोन मिनिटं संपलेली होती. “उद्या बघू,” बाबा म्हणाले. “हो, उद्या बघू,” ती म्हणाली. उद्या कोण बघणार, हे कुणीच विचारलं नाही.

इथे या घराचा एक नियम सांगायला हवा. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सातही महिने पाळला गेला होता. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. घर पडलं तरी नाही. भांडं धुवायचं तर नळाची धार बारीक करायची, दार लावताना कडी बोटाने धरायची. बोलायचं काही असलं तरी समोरचा झोपलेला असेल तर पोटात ठेवायचं. आणि या घरात कुणी ना कुणी कायम झोपलेलं असायचं.

बुधवारी सकाळी अकराला बाबांनी पान्हा घेतला, पलंगाखाली गेले आणि मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. एक्केचाळीस वर्षं त्यांनी उलटी फिरणारी मोटर अशीच सुलटी केली होती. त्यांच्या लेखी दिशा म्हणजे दोन वायरी, बाकीचा सगळा बोर्डवालीचा हट्ट. दुकानातल्या पद्धतीप्रमाणे उलटवलेल्या वायरीवर त्यांनी लाल दोऱ्याची गाठ मारली, म्हणजे पुढच्या कारागिराला कळावं. वरचं बटण दाबलं, फळी वर आली. आई बसती झाली. बाबांनी तिला सूप भरवलं, तिचं तोंड पुसलं, वाटी विसळली, फळी खाली घेतली आणि खुर्चीत टेकले ते घोरायलाच लागले.

त्याच वेळी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बोर्डवालीने डबा बाजूला सारून प्रोग्राम काढला. तिच्या लेखी दिशा प्रोग्राममध्ये असते. वायरींना कोण विचारतं? वर म्हटलं की कोणते दोन स्विच चालू करायचे, ते तिने उलटवलं. तिच्या धंद्याच्या पद्धतीप्रमाणे प्रोग्राममध्ये वरच्या बाजूला एक ओळ लिहिली: दिशा उलटवली, बुधवार. साडेतीनला ती घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत आणि आई पलंगावर, दोघंही गाढ झोपले होते. तिने चप्पल हातात घेतली, पावलं न वाजवता जाऊन बोर्डाला वायर लावली आणि चार मिनिटांत नवा प्रोग्राम आत घातला. मोटर चालवून बघितली नाही. घरघरीने दोघं जागे झाले असते.

म्हणजे दोघांनीही चूक सुधारली होती, दोघांनीही निरोप ठेवला होता, आणि तोही आपापल्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे. फक्त एकाचा निरोप पलंगाखाली अंधारात होता आणि दुसरीचा चिपमध्ये.

पावणेचारला बाबा दचकून उठले. उशीर झाला म्हणून पायात चपला सरकवून निघून गेले. बोर्डवाली तेव्हा मोरीत आईच्या चादरी धूत होती. संध्याकाळी सातला ती सूपची वाटी घेऊन बाहेर आली तर आई आपली आपण उठून बसलेली, डबी डाव्या हातात. बोर्डवालीला बरं वाटलं. आपला प्रोग्राम चालला, असं ती धरून चालली. बाबा साडेआठला परत आले तेव्हा ती चटईवर मुटकुळं करून झोपली होती. त्यांनी तिच्या अंगावर चादर टाकली आणि हूं की चूं न करता दिवा घालवला.

गुरुवारी दुपारी जे व्हायचं ते झालं. आई अर्धी उठून बसली होती. बाबांनी एक चमचा तिच्या तोंडात घातला आणि थोडं आणखी ताठ बसवावं म्हणून तिच्या हातातली डबी स्वतःच्या डाव्या हातात घेतली. आईने हात झाडला. डबीकडे बोट करून घशातून आवाज काढला. बाबांना वाटलं, हिला जेवायचं नाहीये. “दोनच चमचे गं,” म्हणत त्यांनी वरचं बटण दाबून धरलं आणि दुसरा चमचा भरायला वाटीकडे बघितलं. पुन्हा मान वर केली तेव्हा आई जवळजवळ आडवी झाली होती आणि तिचे ओठ निळे पडत होते.

त्यांनी डबी टाकली. डॉक्टर, पाठ, दोन पलंग सगळं विसरून त्यांनी तिला काखेत धरून उपसली आणि पाठीवर थापट्या मारत राहिले. अर्ध्या मिनिटाने ती खोकली. पंधरा मिनिटांनी तिचा श्वास जाग्यावर आला. बाबांनी बोर्डातला फ्यूज उपटून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खुर्चीत बसले.

साडेतीनला बोर्डवाली आली. दारातच त्यांनी तिला गाठली.

“काय केलंस तू पलंगाला?”

“काय केलं म्हणजे? नीट केला.”

“नीट? काल नीट चालत होता. आज मेली असती ती माझ्या हातात!”

बाबांनी काय झालं ते सांगितलं. ती आईकडे धावली, तिचा हात चाचपला. मग वळून म्हणाली, “काल संध्याकाळी मी स्वतः बघितलंय. बरोबर चालत होता. तुम्हीच झोपेत भलतं बटण दाबलं असणार.”

“मोटरीत केस पांढरे झाले माझे. मला वर आणि खाली कळत नाही होय?”

“बाबा, मला भांडायचं नाहीये.”

“तुला भांडायचं नाहीये, तुला करायचंही नाहीये,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. “तुला ती घरात नकोच आहे. पलंग चालला नाही तर तुझंच बरं.”

बोर्डवालीला ‘काहीतरीच काय’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते, पण ते जिभेवर येईनात. कारण मंगळवारी फळी खाली गेली तेव्हा, अगदी क्षणभर, तिला हायसं वाटलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. ती मोरीत गेली आणि चादरी भिजवत बसली.

शुक्रवारी फ्यूज बाबांच्या खिशातच होता. सकाळी बाबांनी, संध्याकाळी तिने आईला हातांनी उचललं. दोघं एकमेकांशी भिंतीशी बोलावं तसं बोलली. औषध दिलं का? दिलं. दूध आणायचंय का? आहे घरात.

शनिवारी तिला सुट्टी होती. दहा वाजता तिने बाबांसमोर हात पसरला. “फ्यूज द्या. बाराला त्या बाईंना सांगायचंय. काय झालंय ते बघून तरी सांगू दे.”

बाबांनी फ्यूज दिला. आईला खुर्चीत बसवलं. बोर्डवालीने बोर्ड तपासला. त्यात काही जळलेलं नव्हतं. प्रोग्राम तपासला, तोही तिने लिहिला तसाच होता. मग ती टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरली आणि तिथेच थांबली.

“बाबा, ही लाल गाठ कसली?”

“वायरी उलटवल्याची. उलटी फिरत होती ना मोटर? बुधवारी सुलटी केली.”

तिने टॉर्च त्या गाठीवर रोखला. मग ती पाठीवर पडल्या पडल्याच म्हणाली, “मीही बुधवारीच केली. प्रोग्राममध्ये.”

बाबांनी कपाळाला हात लावला. उलट्याचं दोनदा सुलटं केलं की ते पुन्हा उलटं होतं, हे समजायला ना बोर्डवालीचं शिक्षण लागत होतं ना बाबांची एक्केचाळीस वर्षं.

“सांगायचं नाहीस का?”

“तुम्ही झोपला होतात. तुम्ही नाही सांगितलंत?”

“तू झोपली होतीस.”

बाबा जमिनीवर बसले आणि पान्हा हातात घेतला. “थांब, वायरी पूर्वीसारख्या करतो.” त्याच क्षणी पलंगाखालून निघालेल्या बोर्डवालीचं बोट प्रोग्राममधल्या त्या ओळीवर गेलं होतं. “हात लावू नका!” ती ओरडली. “परत दोघं एकदम नको. तुमच्या वायरी राहू देत. मी माझं मागे घेते.” दोन दिवसांत पहिल्यांदा बाबांच्या मिशीत हसू दिसलं.

तिने प्रोग्राम मागे घेतला. वरचं बटण दाबलं, फळी वर. खालचं दाबलं, फळी खाली. दहा वेळा करून बघितलं. मग फळी मध्यावर आणली, दोघांनी धरून आईला पलंगावर ठेवलं आणि डबी तिच्या डाव्या हातात दिली.

“हं, आई. आता तू ये वर.”

आईने बटण दाबलं. फळी खाली गेली.

“झालं! परत बिघडलं,” बाबा म्हणाले आणि पान्ह्याकडे हात नेला. पण बोर्डवाली आईच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा खालच्या बटणावर होता. आईलाही ते दिसलं. तिने गडबडून अंगठा उचलला.

“आई,” ती हळू म्हणाली, “उलटं चालतंय ते तुला माहीत होतं?”

आईने हो अशी मान हलवली.

“कधीपासून? बुधवारपासून?”

पुन्हा मान हलली. बुधवारी संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात होती तेव्हा तिने वरचं बटण दाबलं होतं. मोटर कण्हली, पण फळी आधीच तळाला होती, ती हलली नाही. तिने दुसरं दाबून पाहिलं आणि वर आली. यंत्र असंच असेल, असं समजून तिने अंगठ्याला नवी सवय लावली. सांगायला तोंड नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं ते आल्या आल्या झोपत होते. गुरुवारी तिने हात झाडला होता तो याच्यासाठी. बाबांना आता ते उमगलं. ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“मी तुला काय काय बोललो परवा,” ते बोटांच्या फटीतून म्हणाले.

“खोटं नव्हतं ते,” बोर्डवाली म्हणाली. आता तिला लपवायचाही कंटाळा आला होता. “मंगळवारी ते उलटं गेलं ना, तेव्हा मला बरं वाटलं, बाबा. वाटलं, सुटले. मी पलंग मन लावून केला, शपथेवर सांगते. पण मला बरं वाटलं.”

बाबा खुर्चीत सरळ बसले. मग तोंडावरचे हात काढून म्हणाले, “फ्यूज काढून खिशात टाकला ना, तेव्हा मलाही. म्हटलं, आता मला कुणी नावं ठेवणार नाही. मशीनच चाललं नाही. मी काय करणार?”

“मग काय सांगायचं त्या बाईंना?”

“तू सांग. मला पाठ नाही आणि डोकंही नाही. तू म्हणशील ते.”

“माझ्यावर टाकू नका. तुम्ही नवरा आहात तिचा.”

“आणि तू पोटची पोर.”

असं ते दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसून बोलत होते, आणि त्यांचे शब्द आईच्या अंगावरून ये-जा करत होते. सात महिने हे असंच चाललं होतं. तिचा ताप, तिचं पोट, तिची कूस, तिचं जाणं-राहणं सगळं तिच्या डोक्यावरून बोललं जायचं. त्यात दुष्टपणा नव्हता. दमलेली माणसं समोर जे उभं असेल त्याच्याशीच बोलतात.

मोटर घरघरली.

दोघांनी वळून पाहिलं. आईने या वेळी वरचं बटण दाबलं होतं आणि सोडत नव्हती. फळी सावकाश वर येत होती. आईचं डोकं उशीवरून उठलं, खांदे उठले, तिचे डोळे छतावरून खाली आले, भिंतीवर आले आणि शेवटी त्या दोघांच्या डोळ्यांच्या पातळीला आले. तेव्हा तिने अंगठा काढला. मग लाळ गिळली.

“मला,” आई म्हणाली, “विचारा.”

शब्द जड होते, कडेला झिजलेले होते, पण शब्द होते. बसल्यावर जीभ जाग्यावर येते, हे सात महिन्यांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती बसती व्हायची ती जेवणापुरती, आणि जेवताना तिच्या तोंडात चमचा असायचा. बुधवारपासून ती स्वतःची स्वतः उठून बसत होती, पण बोलणार कुणाशी? घरात सगळे झोपलेले.

“अगं, तू बोलतेस,” बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

आईने त्यांना रडायला वेळ दिला. तिला स्वतःलाही पुढचं वाक्य जुळवायला वेळ लागणार होता.

“आडव्या माणसाचं... कुणी... ऐकत नाही,” ती म्हणाली.

“चुकलं गं,” बाबा म्हणाले. त्यांनी तिचा डावा हात डबीसकट धरला. “विचारतो. तुला जायचंय का तिकडे? नाही म्हण, आत्ता फोन करून सांगतो.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं. बोर्डवालीला ती नजर सहन होईना. आई ‘नाही’ म्हणाली तर आपलं कंबरडं मोडेल, आणि ‘हो’ म्हणाली तर आपण आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. दोन्हीपैकी कोणतं उत्तर हवंय ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

“फोन,” आई म्हणाली. “मला.”

बाराला दहा मिनिटं कमी होती. बोर्डवालीने नंबर लावला, मुख्य बाई लाइनवर आल्यावर म्हणाली, “आमच्या आईंना तुमच्याशी स्वतः बोलायचंय,” आणि फोनचा आवाज मोठा करून तो आईच्या तोंडाशी धरला.

“हां, बोला ना आजी!” पलीकडून गोड, घाईतला आवाज आला. “तुमची खोली छान आहे हं. खिडकी आहे. माणसं चोवीस तास असतात, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.”

आईने लाळ गिळली.

“तुमचा पलंग,” ती म्हणाली, आणि थांबली. फोनमध्ये मागे कुणाच्या तरी पावलांचा आवाज येत होता. “वर... होतो?”

“हो तर! सगळे मोटरचे पलंग आहेत आमच्याकडे.”

“बटण,” आई म्हणाली. बोर्डवालीने फोन आणखी जवळ धरला. “बटण... कुणाच्या... हातात असतं?”

“ते आमच्या माणसांकडे असतं ना, आजी,” पलीकडच्या बाई म्हणाल्या, आणि आईने हातातली डबी घट्ट धरली.